टिपर सोडून परदेशी ट्रेलरवर जायचंय? एजंटला पैसे देण्याआधी हे वाचा

गोव्यातल्या साखळी गावच्या बाजारात चहाला बसलो की आठवड्याला एक तरी पोरगा शेजारी येऊन बसतो. "दादा, लिथुआनियाचं कसं काय? एजंट तीन लाख मागतोय. देऊ का?" प्रत्येकाला बसवून सांगतो, तरी काहीतरी राहून जातंच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय.

डिचोली तालुक्यात खाणीवर माझा स्वतःचा टिपर होता. २०१२ साली खाणी बंद पडल्या, मधे थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केल्यावर १६ मार्चपासून पुन्हा सगळं ठप्प झालं. बँकेचा हप्ता काही थांबला नाही. टिपर विकला. २०१९ मध्ये "जर्मनीत नोकरी" म्हणणाऱ्या एका एजंटला ८० हजार रुपये दिले. ते परत आले नाहीत. पुढे नीट चौकशी करून दुसऱ्या रस्त्याने गेलो आणि लिथुआनियात नोंद असलेल्या एका कंपनीचा ट्रेलर दोन वर्षं युरोपभर चालवला. खाली आहे ते त्या दोन्ही अनुभवांतलं.

चालकांचा तुटवडा खरा आहे. आंतरराष्ट्रीय रस्ते वाहतूक संघटना, म्हणजे जिनिव्हातली आयआरयू, हिच्या २०२४ च्या अहवालात ३६ देशांत मिळून ट्रक चालकांच्या सुमारे ३६ लाख जागा रिकाम्या असल्याचं म्हटलंय. जुने चालक निवृत्त होत चाललेत, आणि लायसन्सचा खर्च व घरापासून लांब राहणं यामुळे तिकडची तरुण मुलं या धंद्यात येत नाहीत. पण "तिकडे ड्रायव्हर नाहीत" म्हणजे "आपल्याला कसंही घेतील" असं नव्हे. गरज कंपनीला असते. वर्क परमिट, लायसन्स, व्यावसायिक पात्रता यांच्या चाव्या सरकारकडे असतात. इंग्लंडचंच बघा. २०२१ मध्ये तिथे पेट्रोल पंप कोरडे पडले, इंधन पोचवायला लष्कराचे चालक बोलावले, तेव्हा परदेशी ट्रक चालकांसाठी ५ हजार तात्पुरते व्हिसा जाहीर झाले. ती योजना काही महिन्यांपुरतीच होती. तरी त्याच बातम्यांची कात्रणं दाखवून पैसे घेणारे मी अजून पाहतो.

१. आधी देश ठरवा, एजंट नंतर

बरेच जण उलट करतात. एजंट ज्या देशाचं नाव घेईल तो देश आपला. मग पोलंड म्हणता म्हणता कागद सर्बियाचे निघतात.

आखातात, म्हणजे दुबई, ओमान, कतार इकडे, व्हिसा लवकर होतो, हिंदीवर काम भागतं, घरी येणंजाणं सोपं. पण यूएईत आपलं अवजड वाहनाचं लायसन्स चालत नाही. तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालून, चाचणी देऊन तिथलं काढावं लागतं. तो खर्च कंपनी करणार की तुमच्या पगारातून कापणार, आणि चाचणीत नापास झालात तर पुढे काय, हे निघण्याआधी लेखी घ्या. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला यूएईच्या २०२१ च्या कामगार कायद्यातच बंदी आहे.

युरोपात वेळ जास्त लागतो. माझे पहिल्या फोनपासून विमानात बसेपर्यंत आठ महिने गेले. कागद जास्त, थंडी जास्त, पैसाही जास्त.

आपल्या गोंयकारांसाठी एक वेगळी गोष्ट. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांपैकी अनेकांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. तुमच्याकडे तो असेल तर युरोपियन युनियनमध्ये वर्क परमिट लागत नाही, आणि वर्क परमिटच्या नावाने कोणी पैसे मागितले तर सरळ उठून या. इंग्लंडमध्ये मात्र ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, नव्याने जाणाऱ्याला या पासपोर्टवरही व्हिसा लागतो. आणि नोकरीसाठी आता नव्याने तो पासपोर्ट काढायचा विचार असेल तर घरात बसून बोला. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं.

२. लायसन्स आणि अनुभवाचे कागद

पहिली अडचण इथेच येते, आणि ती खास आपल्या खाणपट्ट्यातली आहे. कंपनी विचारते, "अनुभवाचं पत्र?" आपण तर स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. पत्र देणार कोण?

मी हे जमवलं होतं: टिपरच्या आरसी बुकाची प्रत, खाण खात्याकडच्या वाहन नोंदणीचा कागद, खनिज वाहतुकीचे पैसे जमा झालेलं बँक स्टेटमेंट, आणि ज्या ट्रकमालक संघटनेत होतो तिचं लेटरहेडवरचं पत्र. पत्रात कोणत्या वर्षापासून, किती टनांची गाडी, किती चाकी, हे लिहून घ्या. "उत्तम चालक आहे" एवढ्याच वाक्याला तिकडे काही किंमत नाही.

खोटं पत्र घेऊ नका. एजंट पाचशे रुपयांत आणून देतो, पण व्हिसा अधिकाऱ्याने त्या नंबरवर फोन लावला तर नकार येतो, आणि तो नकार पुढच्या प्रत्येक अर्जात सांगावा लागतो.

लायसन्सची मुदत बघा. व्यावसायिक वाहनांचं लायसन्स पाच वर्षांसाठी असतं. वर्षभरात संपणार असेल तर जाण्याआधीच नूतनीकरण करून घ्या. लायसन्स, पासपोर्ट आणि दहावीच्या दाखल्यावर नावाचं स्पेलिंग एकच हवं. आपल्याकडे एका कागदावर वडिलांचं नाव असतं, दुसऱ्यावर नसतं, आडनाव दोन तऱ्हेने लिहिलेलं असतं. माझा यात दीड महिना गेला.

आणि "इंटरनॅशनल लायसन्स" विकणाऱ्यांपासून सावध. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्याच आरटीओत मिळतं. सरकारी फी १ हजार रुपये, मुदत एक वर्ष. त्यावर परदेशात ट्रकची नोकरी करता येत नाही. ते तुमच्या लायसन्सचं भाषांतर आहे, एवढंच. त्याचे पंधरा-वीस हजार घेणारे लोक आहेत.

३. निघण्याआधी ट्रेलर शिका

हे कोणी सांगत नाही, म्हणून मी पोटतिडकीने सांगतो. आपण टिपरवाले रस्त्याला घाबरत नाही. पण युरोपात लांब पल्ल्याला चालतो तो घोडा, म्हणजे ओढणारा पुढचा ट्रक, आणि मागे ट्रेलर, साडेसोळा मीटर लांब, भरून ४० टन. तो रिव्हर्सला टिपरसारखा ऐकत नाही. ट्रेलरची शेपटी डावीकडे हवी तर स्टेअरिंग आधी उजवीकडे, आणि ती वळायला लागली की लगेच उलट फिरवून घोडा तिच्या मागे न्यायचा. हे वाचून येत नाही.

कंपनीची चाचणी म्हणजे बहुतेक वेळा हेच: गोदामाच्या धक्क्याला ट्रेलर मागे लावून दाखवा. माझ्यासोबत आलेला एक जण याच चाचणीत तीनदा अडकला आणि तिथूनच परत आला.

मी काय केलं? पाच महिने कमी पगारात वेर्णा ते मुरगाव बंदर अशा कंटेनर ट्रेलरवर काम केलं. तिथल्या एका वयस्कर चालकाने मला जोडणी शिकवली: घोडा मागे नेऊन किंगपिन, म्हणजे ट्रेलरखालची जोडणीची खीळ, लॉक झाला का ते खाली वाकून बॅटरीने बघायचं, मग पहिल्या गियरमध्ये हलकेच पुढे ओढून बघायचं, मगच हवेच्या नळ्या आणि वायर जोडायची आणि ट्रेलरचे टेकूचे पाय वर घ्यायचे. पुढे दोन वर्षं रोज मी हाच क्रम पाळला. शिवाय त्या पाच महिन्यांचं कंपनीच्या लेटरहेडवरचं अनुभवपत्र आणि पगाराच्या स्लिपा मिळाल्या. वरच्या पायरीतली अडचणही त्यात सुटली.

४. एजन्सी तपासा

परदेशी नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. नोंदणीचा आरसी क्रमांक असतो, आणि ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तो कोणालाही तपासता येतो. नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं दिसतं.

क्रमांक नुसता भिंतीवर बघून येऊ नका. लिहून आणा, घरी येऊन तपासा. मी फसलो त्या ऑफिसात फ्रेम केलेलं प्रमाणपत्र होतं. ते खरंच होतं, पण दुसऱ्या शहरातल्या दुसऱ्याच एजन्सीचं. "आम्ही त्यांचे सब-एजंट" असं सांगितलं होतं. सब-एजंटला या कायद्यात जागाच नाही, हे मला पैसे गेल्यावर कळलं. पत्ता जुळत नसेल तर नमस्कार करून बाहेर पडा.

मग पलीकडची कंपनी तपासा. एजंटकडून तिचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. पोलंडची केआरएस ही सरकारी नोंदवही इंटरनेटवर मोफत बघता येते. इतर देशांतही अशा नोंदी असतात. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून फोन नंबर घ्या, एजंटने दिलेला नको, आणि विचारा: "या एजन्सीमार्फत तुम्ही भारतातून चालक घेताय का?" मोडक्या इंग्रजीत विचारलं तरी चालतं. मी कागदावर लिहून वाचून दाखवलं होतं.

आणखी एक बारकावा. तुम्हाला नोकरीवर ठेवणारी कंपनी आणि जिचा ट्रक तुम्ही चालवणार ती कंपनी एकच आहे का? काही ठिकाणी मधली एजन्सीच मालक असते आणि तुम्हाला दुसरीकडे भाड्याने देते. ते बेकायदा असतंच असं नाही. पण पगार थकला की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, म्हणून आधी माहीत हवं.

व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाखत, चोवीस तासांत ऑफर लेटर, "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ", यातली एकही गोष्ट दिसली तर थांबा. रशियात साध्या कामाच्या नावाने नेलेली आपली मुलं युद्धाच्या आघाडीवर पोचली. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने त्यावर गुन्हा नोंदवला. त्यांनाही कोणीतरी नोकरीच सांगितली होती.

५. पैसे किती द्यायचे

नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो. त्यावरचा "डोनेशन", "फाइल चार्ज", "एम्बसीचा खर्च" कायद्यात बसत नाही. व्हिसा फी, विमान तिकीट, वैद्यकीय तपासणी यांची वेगळी पावती असते. ते पैसे ज्याचे त्याच्याकडेच भरा.

रोख देऊ नका. बँकेतून द्या, एजन्सीच्या खात्यावर, कोणा माणसाच्या खात्यावर नव्हे. आणि पावती हातात आल्याशिवाय मूळ पासपोर्ट कोणाकडे ठेवू नका. बायकोचे दागिने गहाण टाकून तीन लाख दिलेली दोन घरं माझ्या वाड्यावर आहेत. त्यातला एक मुलगा गेलाच नाही. दुसरा गेला, पण पहिलं दीड वर्ष नुसतं व्याज फेडत बसला.

६. करारपत्र शब्दन् शब्द वाचा

इंग्रजी येत नसेल तर ज्याला येतं त्याला शेजारी बसवा. अर्धा दिवस गेला तरी चालेल.

मूळ पगार किती आणि रोजभत्ता किती? युरोपातल्या बऱ्याच वाहतूक कंपन्या मूळ पगार लहान ठेवतात आणि परदेशात गाडीवर असलेल्या दिवसांचा भत्ता त्यावर देतात. एजंट दोन्ही मिळून एकच आकडा सांगतो. पण गाडी दुरुस्तीला गेली, तुम्ही आजारी पडलात, सुट्टीवर आलात, की भत्ता बंद आणि हातात फक्त लहान आकडा. म्हणून विचारा: "महिन्यातले दहा दिवस गाडी उभी राहिली तर मला किती मिळतील?" उत्तर लेखी हवं.

किती आठवडे गाडीवर, किती दिवस विश्रांती, आणि ती विश्रांती कुठे? युरोपच्या नियमाने ४५ तासांची पूर्ण साप्ताहिक विश्रांती केबिनमध्ये घेता येत नाही. राहण्याची सोय कंपनीने तिच्या खर्चाने करायची असते.

कपात कशाकशाची? डिझेल जास्त गेलं, टायर फाटला, मालाला ओरखडा आला, याचे पैसे पगारातून कापण्याची कलमं असतात. तिसऱ्या महिन्यात माझ्या स्लिपमध्ये जादा डिझेलची कपात आली. करारात ते कलम नव्हतंच. प्रत दाखवल्यावर पुढच्या महिन्यात पैसे परत मिळाले. प्रत नसती तर बोलायला तोंड नव्हतं.

बाँड आहे का? प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करते आणि मुदतीआधी सोडलं तर परत मागते. हे ठीक आहे, पण रक्कम आणि महिने आकड्यात लिहिलेले हवेत.

७. निघण्याची तयारी

ही कागदपत्रं एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा, आणि प्रत्येकाचा फोटो घरच्यांच्या फोनवर पाठवा:

- पासपोर्ट, किमान दोन वर्षं मुदत शिल्लक असलेला
- मूळ लायसन्स आणि इंटरनॅशनल परमिट
- अनुभवपत्रं, बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा
- पोलीस क्लिअरन्स, पासपोर्ट सेवाच्या संकेतस्थळावर अर्ज करून
- दहावीचा दाखला. पोलंड-लिथुआनियासाठी अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा प्रमाणीकरणाचा शिक्का, असलेला, यूएईसाठी त्यांच्या दूतावासाचं साक्षांकन असलेला
- वैद्यकीय अहवाल. आखातासाठी त्यांनी ठरवलेल्या केंद्रातलाच, ज्याला लोक अजून गामका म्हणतात
- दोन्ही बाजूंच्या सह्या असलेला करार, वर्क परमिटची प्रत, व्हिसा
- एजन्सीला दिलेल्या पैशांच्या पावत्या

दहावी झालेली नसेल तर तुमच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे नोकरीसाठी परदेशी जायला सरकारी परवानगी लागते असा शेरा, असेल. मग आखातातल्या देशांसह एकूण १८ देशांत नोकरीला जायला ई-मायग्रेटवरून परवानगी लागते. ती टाळून "टुरिस्टवर" गेलात तर सरकारी संरक्षणाला मुकता. परवानगीसोबत प्रवासी भारतीय विमा योजना येते: १० लाखांचं संरक्षण, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. गोवा सरकारचं अनिवासी भारतीय व्यवहार आयुक्तांचं कार्यालय पणजीत आहे. शंका असेल तर करार घेऊन तिथे जा.

८. पोचल्यावर: कोड ९५, कार्ड आणि घड्याळ

युरोपात पोचलात म्हणजे दुसऱ्या दिवशी गाडी मिळाली असं नाही. आपलं लायसन्स तिथे थोडेच महिने चालतं. मग तिथलं सीई वर्गाचं, म्हणजे ट्रेलर जोडलेल्या अवजड ट्रकचं, लागतं. त्यावर कोड ९५ हा शिक्का हवा. तो व्यावसायिक पात्रतेचा. पूर्ण अभ्यासक्रम २८० तासांचा, वेगवान १४० तासांचा. नंतर दर पाच वर्षांनी ३५ तास. शिवाय युरोपबाहेरच्या चालकासाठी कंपनीने ड्रायव्हर अटेस्टेशन नावाचा कागद काढायचा असतो. तो मूळ स्वरूपात गाडीत हवा, आणि त्यावरचं कंपनीचं नाव तुमच्या करारातलंच हवं.

आता टॅकोग्राफ. आपल्याकडे टिपरचं गणित खेपांवर. जितक्या खेपा तितके पैसे, म्हणून जेवणही स्टेअरिंगवर. तिथे केबिनमध्ये एक यंत्र असतं, त्यात तुमच्या नावाचं कार्ड घालायचं, आणि ते प्रत्येक मिनिट लिहून ठेवतं. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबायचं. दिवसाला ९ तास, आठवड्यातून दोनदा १०. आठवड्याला ५६, लागोपाठच्या दोन आठवड्यांत मिळून ९०. रोजची विश्रांती ११ तास. पोलीस त्या दिवसाचं आणि मागच्या ५६ दिवसांचं वाचू शकतात.

नवख्याची चूक होते ती बटणात. यंत्रावर चार चिन्हं असतात: स्टेअरिंग, पलंग, दोन हातोडे, आणि तिरक्या रेघेचा चौकोन. माल उतरवताना तुम्ही उभे राहून मदत करत असाल तर हातोडे लावायचे, कारण ते काम आहे. डिस्पॅचर, म्हणजे ऑफिसात बसून गाड्या लावणारा, फोनवर सांगतो, "पलंग लाव, तास वाचतील." लावू नका. कागदावर तुम्ही झोपलेले आणि खरं तर पाय ओढत पॅलेट हलवताय. त्याच रात्री पुढचे पाचशे किलोमीटर तुमच्या माथी येतात. दुसऱ्याचं कार्ड तर चुकूनही घालू नका, तो गुन्हा आहे.

माझ्या पहिल्याच आठवड्यात जर्मनीत रात्री पार्किंगला जागा मिळेना. तिसऱ्या पार्किंगमध्ये शिरलो तेव्हा यंत्रावर ७ मिनिटं उरली होती. एका पोलिश चालकाने आपली गाडी दोन मीटर पुढे घेऊन मला जागा करून दिली. त्या दिवसापासून संध्याकाळी पाचलाच जागा शोधायला लागलो.

९. पगार अडला तर

२०२३ मध्ये जर्मनीतल्या ग्रेफेनहाउझेनच्या महामार्ग थांब्यावर जॉर्जिया, उझबेकिस्तान आणि आजूबाजूच्या देशांतल्या चालकांनी थकलेल्या पगारासाठी ट्रक उभे केले, कित्येक आठवडे. शेवटी त्यांना पैसे मिळाले. ते एकत्र होते, आणि कोणाचे किती थकलेत ते त्यांना सांगता येत होतं.

तुम्हीही एक वही ठेवा. तारीख, निघालो कुठून, पोचलो कुठे, किलोमीटर, यंत्रावरचे तास. रोज रात्री दोन ओळी. पहिल्या पगाराची स्लिप आली की करार शेजारी ठेवून जुळवा. फरक असेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा; फोनवरच्या बोलण्याचा पुरावा राहत नाही. उत्तर नाही आलं तर त्या देशाच्या कामगार निरीक्षकाकडे तक्रार करा, आणि भारत सरकारच्या मदद पोर्टलवर पासपोर्ट क्रमांक टाकून नोंद करा म्हणजे ती आपल्या दूतावासाकडे जाते. घरच्यांनी भारतातून १८०० ११ ३०९० या प्रवासी सहायता केंद्राच्या क्रमांकावर फोन करावा. म्हणूनच कागदांचे फोटो त्यांच्याकडे हवेत.

पासपोर्ट कंपनीकडे ठेवायला देऊ नका. "सुरक्षित राहील" म्हणतील, तरी नको.

डिचोली-साखळीकडचे कोणी निघायच्या तयारीत असाल तर सही करण्याआधी कराराची प्रत घेऊन या. संध्याकाळी सहानंतर मी बाजारात असतो. शेजारी बसून वाचू.